वाढत्या अंगाची कवटी

बाळाची टाळू लवकर भरली तर काही बिघडते का, लांबट किंवा तिरपे डोके मालिशने गोल होते का, आणि डॉक्टरांनी कवटीचे ऑपरेशन सुचवले तर ते आताच करावे की मूल जरा मोठे होऊ द्यावे, हे प्रश्न तान्ह्या बाळाच्या घरात एकापाठोपाठ एक येतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा धीर देणारी असतात. तिसरा प्रश्न ज्यांच्या वाट्याला येतो त्यांची संख्या थोडी असली, तरी त्यांना विचार करायला मिळणारा वेळही थोडाच असतो. कवटीच्या शिवणी वेळेआधी मिटणे, म्हणजेच वैद्यकाच्या भाषेत क्रेनिओसिनॉस्टोसिस, आणि त्यावरच्या शस्त्रक्रिया यांचा विचार या प्रकरणात केला आहे.

१. टाळू आणि शिवणी

वाढत्या अंगाच्या मुलीसाठी फ्रॉक शिवताना शिंपी आत दाब सोडतो, म्हणजे मुलगी वाढली की शिवण उसवून फ्रॉक मोठा करता येतो. नवजात बाळाच्या कवटीतही अशीच सोय असते. कपाळाची दोन, माथ्याची दोन आणि मागची एक अशी मोठी हाडे जन्मतः एकमेकांना चिकटलेली नसतात. त्यांच्यामध्ये चिवट, लवचीक ऊतींच्या पट्ट्या असतात आणि मेंदू वाढू लागला की या पट्ट्यांच्या काठांवर नवे हाड तयार होत जाते. या पट्ट्यांनाच शिवणी म्हणतात. माथ्याच्या मधोमध पुढून मागे जाते ती सॅजायटल, माथ्यापासून दोन्ही कानांकडे उतरतात त्या कोरोनल, कपाळाच्या मध्यावर उभी असते ती मेटोपिक आणि डोक्याच्या मागच्या बाजूला असतात त्या लॅम्डॉइड. सॅजायटल, मेटोपिक आणि दोन कोरोनल जिथे भेटतात त्या चौकातली मऊ जागा म्हणजे टाळू.

टाळू भरणे आणि शिवणी मिटणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि घरोघरीचा गोंधळ नेमका इथेच होतो. टाळू साधारणपणे १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते, काही निरोगी मुलांत नवव्या महिन्यातही भरते आणि काहींत दोन वर्षांपर्यंत हाताला लागते. तिच्यावर तेल घातल्याने किंवा न घातल्याने या वेळापत्रकात फरक पडत नाही. मेटोपिक शिवण पहिल्या वर्षातच मिटते आणि ते स्वाभाविक असते. बाकीच्या शिवणी मात्र तारुण्य उलटेपर्यंत पुरत्या जुळत नाहीत. म्हणूनच टाळू लवकर भरली एवढ्यावरून रोग ठरत नाही. आणि टाळू उघडी आहे म्हणून शिवणी ठीकच आहेत असेही म्हणता येत नाही, कारण सॅजायटल शिवण पूर्ण मिटलेल्या कित्येक बाळांची टाळू उघडीच असते.

या सोयीची निकड पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. जन्मतः सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम वजनाचा मेंदू पहिल्या वाढदिवसापर्यंत ९०० ग्रॅमच्या आसपास पोहोचतो, आणि पुढे प्रौढपणीच्या १,३०० ते १,४०० ग्रॅमपर्यंत जायला त्याला कित्येक वर्षे लागतात. शस्त्रक्रियेच्या वयाचा सगळा वाद या आकड्यांभोवती फिरतो.

२. एक शिवण मिटली की वाढ कुठे जाते

जर्मन वैद्य रुडोल्फ फिर्शो यांनी १८५१ मध्ये सांगितलेला नियम आजही पहिला पाठ म्हणून शिकवला जातो. शिवण मिटली की तिला काटकोनात होणारी वाढ थांबते आणि तिच्या दिशेने होणारी वाढ जास्तीची होते. मेंदू तर वाढतच असतो. एक दार बंद झाले की तो उघड्या दारांवर भार टाकतो. सॅजायटल शिवण मिटली की डोक्याची रुंदी खुंटते आणि ते होडीसारखे लांब, अरुंद होते. हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार असून तो मुलग्यांत अधिक दिसतो. मेटोपिक शिवण फार लवकर मिटली तर कपाळ वरून पाहता शिंगाड्यासारखे त्रिकोणी दिसते. एका बाजूची कोरोनल मिटली तर त्या बाजूचे कपाळ सपाट होते, डोळ्याची खोबण वर ओढली जाते आणि नाकाचे मूळ तिकडे कलते. लॅम्डॉइडचा प्रकार दुर्मीळ आहे.

साधारण २,००० ते २,५०० जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो, म्हणजे वर्षाला दहा हजार प्रसूती होणाऱ्या मोठ्या प्रसूतिगृहात अशी चार-पाच बाळे जन्माला येणार. बहुतेकांत एकच शिवण मिटलेली असते आणि अन्य कोणताही आजार नसतो. आईने गरोदरपणी काय खाल्ले किंवा ग्रहणात काय चिरले, याचा इथे काही संबंध नाही.

३. टेप जे सांगत नाही ते

बाळाच्या तपासणीत डोक्याचा घेर मोजतात, पण या दोषात तो आकडा फसवू शकतो. एका बाळाच्या डोक्याची लांबी १४ सेंटीमीटर आणि रुंदी ११.२ सेंटीमीटर आहे, दुसऱ्याची लांबी १५.२ आणि रुंदी ९.९ आहे, असे धरू. दोन्ही डोक्यांचा घेर ४० सेंटीमीटरच्या आसपासच भरेल आणि तक्त्यावर दोघांचे टिंब एकाच जागी पडेल. आता रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले तर पहिल्याचे उत्तर ८० येते आणि दुसऱ्याचे ६५. या आकड्याला शीर्ष निर्देशांक म्हणतात. तो ७५ ते ८५ च्या आसपास असणे नेहमीचे आणि सत्तरीच्या खाली उतरणे शंकेचे. या हिशोबाला एक टेप, मापाचा एक चिमटा आणि कागदाचा कपटा पुरतो, तरीही तो क्वचितच केला जातो.

दुसरी फसगत उलट दिशेची असते. सतत एकाच कुशीवर किंवा पाठीवर झोपून डोके मागून एका बाजूला चपटे होणे ही अगदी नेहमीची गोष्ट असून तिचा शिवणींशी संबंध नसतो. वरून पाहिले तर अशा डोक्याचा आकार कललेल्या चौकोनासारखा दिसतो आणि चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो. लॅम्डॉइड शिवण मिटली असेल तर कान पुढे जात नाही, उलट त्या शिवणीकडे मागे आणि खाली ओढला जातो. झोपून चपटे झालेले डोके बाळाची कूस बदलण्याने आणि जागेपणी पालथे ठेवण्याने बरेचसे सुधारते. मोहरीच्या उशीला जे श्रेय दिले जाते ते बहुतांशी या आपोआपच्या सुधारणेचे असते. मिटलेली शिवण मात्र उशीने उघडत नाही आणि मालिशवालीच्या हातानेही उघडत नाही. अशा शिवणीवरून बोट फिरवले तर हाडाचा एक उंचवटा दोरीसारखा हाताला लागतो. खात्रीसाठी सोनोग्राफी किंवा त्रिमितीय सीटी स्कॅन करतात, जरी अनुभवी डॉक्टरला निदान पुष्कळदा पाहूनच झालेले असते.

४. ऑपरेशन कशासाठी

एक कारण म्हणजे मेंदूवरचा दाब. कवटीत जागा अपुरी पडली तर आतला दाब वाढतो आणि तो दीर्घकाळ राहिल्यास डोळ्यांच्या नसेला इजा होऊन दृष्टी जाऊ शकते. एकच शिवण मिटलेल्या मुलांपैकी थोड्यांतच असे होते, पण अनेक शिवणी मिटलेल्यांत हा धोका कितीतरी जास्त असतो. तान्ह्या बाळाला डोके दुखते हे सांगता येत नाही, त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी महत्त्वाची ठरते. दुसरे कारण आकाराचे आहे आणि त्याला केवळ सौंदर्याची हौस म्हणून बाजूला सारणे योग्य नाही, कारण चेहऱ्याकडे रोखलेल्या नजरा घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलासाठी तो रोजचा विषय असतो.

बुद्धीचे काय, हे पालक विचारतातच. एकच शिवण मिटलेल्या बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसाधारण असते. भाषा आणि शिकण्याच्या बारीकसारीक अडचणी त्यांच्यात थोड्या अधिक आढळतात, परंतु त्या शस्त्रक्रियेने टळतात का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. ऑपरेशनने मूल हुशार होईल असे कोणी सांगत असेल तर ते शास्त्राला धरून नाही.

या भ्रमाला जुना आणि दुःखद इतिहास आहे. पॅरिसचे शल्यचिकित्सक लानलाँग यांनी १८९० मध्ये, आणि त्याच सुमारास अमेरिकेत लेन यांनी, कवटीतून हाडाच्या पट्ट्या काढण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. कवटी लहान आहे म्हणून मेंदू खुंटला, तेव्हा कवटी सैल करावी, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेक मुलांचा मेंदूच मुळात वाढत नव्हता आणि म्हणून कवटी लहान राहिली होती. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली, कितीतरी मुले दगावली, आणि न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ अब्राहम जाकोबी यांनी जाहीरपणे कडक शब्दांत निषेध केल्यावर ही शस्त्रक्रिया काही दशके मागे पडली.

५. आकार देणार कोण

आज उपलब्ध असलेल्या पद्धतींची नावे पुष्कळ आहेत आणि माहितीपत्रकांत ती एकाखाली एक मांडलेली असतात, जणू दुकानातल्या वस्तूंमधून एक निवडायची आहे. ती तशी निवड नाही. मिटलेली शिवण मोकळी केल्यावर डोक्याला नवा आकार देण्याचे काम कोणाकडे सोपवायचे, या एका प्रश्नावरून सगळे मार्ग वेगळे होतात. बाळ तीन महिन्यांचे असेल तर ते काम वाढता मेंदू स्वतः करतो, शल्यचिकित्सकाला फक्त वाट मोकळी करायची असते. बाळ वर्षाचे होत आले असेल तर मेंदूच्या वाढीचा जोर ओसरू लागलेला असतो आणि आकार शल्यचिकित्सकालाच ऑपरेशनच्या टेबलावर द्यावा लागतो. म्हणजे पद्धत बऱ्याच अंशी बाळाच्या वयानेच ठरते.

६. दुर्बिणीची वाट

अमेरिकेतील हिमेनेझ आणि बरोन या शल्यचिकित्सकांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. सॅजायटल शिवणीसाठी बाळाला पालथे ठेवून मान वर उचललेल्या स्थितीत झोपवतात. टाळूच्या किंचित मागे एक आणि डोक्याच्या मागच्या बाजूला एक अशा दोन-तीन सेंटीमीटरच्या दोन चिरा घेतात. मेंदूवर ड्यूरा नावाचे चिवट आवरण असते. त्यापासून हाड अलगद सुटे करत, दुर्बिणीच्या उजेडात एका चिरेपासून दुसरीपर्यंत बोगदा तयार केला जातो आणि मिटलेल्या शिवणीसह हाडाची पट्टी कात्रीने कापून बाहेर काढली जाते. पट्टीच्या अगदी खाली मेंदूतले रक्त वाहून नेणारी मोठी शीर असते. ती फाटली तर छोट्या चिरेतून रक्तस्राव आवरणे कठीण जाते, म्हणून छोटी चीर म्हणजे छोटी शस्त्रक्रिया असा अर्थ कोणी काढू नये. सारे नीट झाले तर काम सुमारे तासाभरात संपते आणि बाळ बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाते.

पण नुसती पट्टी काढणे पुरत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेवढेच केले जाई आणि ड्यूरा पुन्हा हाड तयार करून फट बुजवून टाकी. ती बुजू नये म्हणून हाडाच्या काठांना प्लास्टिकची पातळ फीत लावण्याचेही प्रयोग झाले. नव्या पद्धतीत यावर उपाय आहे तो हेल्मेटचा. हे हेल्मेट डोके दाबत नाही. कपाळ आणि पाठीमागचा फुगवटा या ठिकाणी ते टेकलेले असते आणि दोन्ही बाजूंना आत मोकळी जागा सोडलेली असते, त्यामुळे वाढणारा मेंदू आपोआप त्या मोकळ्या जागेकडे सरकतो. दिवसाचे सुमारे २३ तास, पहिल्या वाढदिवसाच्या आसपासपर्यंत ते घालावे लागते आणि डोके वाढेल तसे दोन-तीनदा नवे करावे लागते. वैशाखात, लाइट गेलेल्या दुपारी, घामेजलेल्या बाळाच्या डोक्यावर ते टिकवून धरणे हे घरच्यांचे काम असते. ते निभले नाही तर ऑपरेशनचा अर्धा लाभ वाया जातो. हेल्मेट घडवणारा तंत्रज्ञ जवळच्या शहरात आहे का, ही चौकशी म्हणूनच ऑपरेशनची तारीख घेण्याआधी करायची असते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ही शस्त्रक्रिया सर्वांत गुणकारी असते. सहा महिन्यांनंतर हाड जाड होते, मेंदूच्या वाढीचा वेग उतरतो आणि बहुतेक केंद्रे ती करत नाहीत. एका बाजूच्या कोरोनल शिवणीतही ती करता येते, आणि पुढे उद्भवणाऱ्या तिरळेपणाच्या दृष्टीने लवकर केलेल्या अशा शस्त्रक्रियेचे निकाल उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा चांगले आढळले आहेत.

७. पडवळाचा दगड

पडवळ वेटोळे होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला छोटा दगड बांधतात. दगड पडवळाला ओढून लांब करत नाही, वाढ पडवळाचीच असते, दगड तिला फक्त सतत एका दिशेला लावून धरतो. स्वीडनमधील गोटेनबर्गचे क्लेस लॉरिट्झेन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कवटीत स्प्रिंग बसवण्याची जी पद्धत आणली, तिचे तत्त्व याच जातीचे आहे. मिटलेली शिवण कापून त्या फटीत पोलादी तारेच्या दोन-तीन स्प्रिंग बसवतात. त्या आठवड्यामागून आठवडे फट रुंदावत नेतात आणि त्वचेखाली असल्यामुळे बाहेरून फारशा दिसत नाहीत. हेल्मेट लागत नाही हा या पद्धतीचा मोठा फायदा, आणि काही महिन्यांनी स्प्रिंग काढण्यासाठी दुसरे छोटे ऑपरेशन लागते हा तोटा. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयात ही पद्धत रुळलेली आहे. साधारण तीन ते सहा महिन्यांचे बाळ तिला योग्य असते.

८. उघडी शस्त्रक्रिया

सहा महिने उलटून गेले असतील, किंवा दोष कपाळाचा आणि डोळ्यांच्या खोबणीचा असेल, तर बहुधा हा मार्ग निवडला जातो. फ्रान्सचे पॉल टेसिए यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या कामातून आधुनिक कवटी-चेहरा शस्त्रक्रिया उभी राहिली. मेंदूच्या बाजूने डोळ्यांच्या खोबणीपर्यंत पोहोचून ती हाडे कापणे, सरकवणे आणि पुन्हा बसवणे शक्य आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत माथ्यावरून चीर घेतात, पण ती सरळ नसते, नागमोडी असते. सरळ व्रणावर ओल्या केसांचा भांग पडतो आणि पोहून आलेल्या मुलाच्या डोक्यावर पांढरी रेघ उघडी दिसते. नागमोडी व्रण केसांत हरवतो. पुढे कपाळाचे हाड सुटे करून शेजारच्या टेबलावर घेतात, भुवयांच्या पातळीवरची हाडाची आडवी पट्टी वेगळी काढतात, ती वाकवून हवा तो आकार देतात आणि आधीच्या जागेपेक्षा पुढे सरकवून बसवतात. जोडण्यासाठी शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रू वापरतात. पूर्वीच्या धातूच्या पट्ट्या कवटी वाढताना आत आत सरकत जात असल्याचे लक्षात आल्यामुळे त्या लहान मुलांत मागे पडल्या. कपाळ पुढे नेल्याने मागे उरलेली फट तशीच सोडली तरी चालते, कारण दीड-दोन वर्षांच्या आतल्या मुलाचा ड्यूरा ती स्वतः नव्या हाडाने भरतो. ही शस्त्रक्रिया बहुधा ९ ते १२ महिन्यांच्या वयात करतात. त्याहून लवकर केल्यास कपाळ पुन्हा मागे राहण्याची शक्यता वाढते. सॅजायटल दोषात मात्र कपाळापेक्षा संपूर्ण माथ्याची हाडे नव्याने मांडावी लागतात.

ऑपरेशन काही तास चालते, पहिली रात्र अतिदक्षता विभागात जाते आणि दुसऱ्या दिवशी सूज उतरत उतरत पापण्यांवर येऊन दोन्ही डोळे पूर्ण मिटतात. मुलाला काही दिसत नाही आणि ते आईचा आवाज शोधत राहते. दोन-तीन दिवसांत डोळे उघडतात. पण हे आधी सांगितले गेले नसेल तर हीच दोन रात्री घरच्यांना सर्वांत जड जातात.

९. रक्ताचा हिशोब

बाळाच्या शरीरात किलोमागे सुमारे ७५ मिलिलिटर रक्त असते. आठ किलोच्या बाळात ते ६०० मिलिलिटर होते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा जेमतेम थोडे अधिक. ऑपरेशनमध्ये १५० मिलिलिटर, म्हणजे एका कपाइतके रक्त गेले तर त्याच्या एकूण रक्ताचा चौथा हिस्सा जातो. साठ किलोच्या प्रौढाचा तेवढाच हिस्सा एक लिटरहून अधिक भरेल. म्हणूनच उघड्या शस्त्रक्रियेत बहुतेक मुलांना बाहेरून रक्त द्यावे लागते, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत थोड्यांनाच. रक्त गोठून राहण्यास मदत करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडमुळे ही गरज अलीकडे बरीच कमी झाली आहे. मुरलेल्या केंद्रांत मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आहे. परंतु त्यामागे शल्यचिकित्सकाच्या हाताइतकाच बालभूलतज्ज्ञाचा आणि रक्तपेढीचा वाटा असतो. अशी ऑपरेशने वर्षाला किती होतात, हा प्रश्न रुग्णालयाला संकोच न करता विचारावा.

१०. अनेक शिवणी मिटल्या असतील तर

एपर्ट किंवा क्रूझॉन यांसारख्या जनुकीय विकारांत अनेक शिवणी मिटतात, चेहऱ्याचा मधला भागही मागे राहतो, एपर्टमध्ये हातापायांची बोटे जुळलेली असतात आणि श्वासालाही अडथळा येऊ शकतो. इथे एकाच ऑपरेशनने काम होत नाही. पहिल्या टप्प्यात पुष्कळदा कवटीचा मागचा भाग कापून त्याला स्क्रूची यंत्रणा बसवतात आणि काही दिवसांनी रोज सुमारे एक मिलिमीटर या गतीने तो मागे सरकवत नेतात. २५ दिवसांत २५ मिलिमीटर जागा मिळते, आणि फटीत तयार झालेले कोवळे हाड पक्के होईपर्यंत यंत्रणा काही आठवडे तशीच ठेवतात. त्वचा आणि ड्यूरा यांना ताणाची सवय होत जाते, हा या संथपणाचा लाभ. कपाळ आणि चेहऱ्याचा मधला भाग यांची पाळी पुढच्या वर्षांत येते. अशा मुलांना मेंदूशल्यचिकित्सक, प्लास्टिक सर्जन, नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसातज्ज्ञ आणि जनुकतज्ज्ञ एकत्र बसतात अशाच ठिकाणी न्यावे.

११. लसीच्या खेपा

उशिरा आलेल्या मुलासाठी सगळी दारे बंद होत नाहीत. कपाळावर नुसती उभी कड आहे आणि आकार जवळजवळ ठीक आहे, अशा मेटोपिकच्या सौम्य प्रकारात काहीच करावे लागत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलात दाब वाढल्याची चिन्हे असतील तर उघडी शस्त्रक्रिया करतातच. मात्र त्या वयात ड्यूरा मोठ्या फटी भरून काढत नाही, त्यामुळे कवटीचेच हाड दोन पापुद्र्यांत चिरून त्याचा एक पापुद्रा रिकाम्या जागी लावावा लागतो. कोणत्याही मार्गाने ऑपरेशन झाले तरी पुढची काही वर्षे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चालू ठेवतात, कारण थोड्या मुलांत दाब पुन्हा वाढतो.

लवकर येण्याची संधी मात्र प्रत्येक बाळाला मिळते. शासकीय वेळापत्रकातल्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी बाळ ज्या वयात तज्ज्ञाकडे पोहोचायला हवे तेही नेमके हेच. बाळाला मांडीवर घेऊन डोके वरून पाहणे, दोन मापे घेणे आणि शिवणींवरून बोट फिरवणे याला दोन मिनिटांहून अधिक लागत नाहीत. चौदाव्या आठवड्यानंतरची खेप थेट नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला पडते, आणि तोवर दोन छोट्या चिरांचा मार्ग मागे पडून कानापासून कानापर्यंतची चीरच उरलेली असते.